बाळाला दूध पाजताना अडचण आली, तर तज्ज्ञांची मदत कशी घ्यावी

बाळंतपणानंतरची तिसरी रात्र बहुतेक घरांत कठीण जाते. बाळ रडत असते, बाळंतीण थकलेली असते, "हिला दूधच येत नाही" असे कोणीतरी म्हणते आणि मध्यरात्री मेडिकलमधून पावडरचा डबा येतो. प्रत्यक्षात दूध भरून येण्याची वेळ साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान असते. तोपर्यंत थोडाथोडा येणारा घट्ट, पिवळसर चीक बहुतेक निरोगी बाळांना पुरतो. स्तन जितका रिकामा होतो तितके दूध तयार होते. त्यामुळे गरज नसताना वरचे दूध दिले की बाळ कमी ओढते आणि आईचे दूध खरोखरच कमी होऊ लागते. ही साखळी सुरू होण्याआधीच मदत मागायला हवी, आणि ती मागण्याची तयारी बाळ जन्मण्याआधीपासून करावी.

सातव्या-आठव्या महिन्यात विचारून ठेवा

जिथे नाव नोंदवले आहे त्या रुग्णालयात स्पष्टपणे विचारावे: बाळाला पहिल्या तासात छातीशी देतात का, सिझेरियन झाले तरी देतात का, बाळ आईजवळच ठेवतात का, आणि पाजायला शिकवणारी प्रशिक्षित परिचारिका किंवा स्तनपान सल्लागार तिथे आहे का. स्तनाग्रे आत ओढलेली असतील, स्तनावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल, थायरॉईड किंवा मधुमेह असेल, तर तेही डॉक्टरांना तेव्हाच सांगावे.

घरी जाण्यापूर्वी एक संपूर्ण पाजणे कोणाला तरी दाखवा

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा राहून जाते. "पिते आहे ना?" असे दारातून विचारून पुढे जाणे म्हणजे तपासणी नव्हे. सिस्टरना विनंती करून त्यांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत शेजारी थांबायला सांगावे.

माझ्या भाचीच्या वेळी मी हे जवळून पाहिले. ती बाळावर ओणवी होऊन स्तन त्याच्या तोंडात देत होती. चौथ्या दिवशी दोन्ही बाजूंना चिरा पडल्या होत्या आणि पाजायची वेळ जवळ आली की तिच्या डोळ्यांत पाणी येई. सल्लागार बाईंनी तिला पाठ टेकून बसवले, बाळाचे पोट तिच्या पोटाला टेकवले, त्याचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत आणली आणि स्तनाग्र त्याच्या नाकासमोर धरून त्याने मोठा 'आ' करेपर्यंत वाट पाहिली. मग बाळालाच स्तनाकडे आणले, स्तन बाळाकडे नाही. हनुवटी स्तनात रुतली, खालचा ओठ बाहेर वळला, काळसर भाग वरच्या बाजूला थोडा दिसत राहिला आणि काही क्षणांतच घोट गिळल्याचा आवाज ऐकू आला. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू बाळंतिणीला जरूर द्यावेत, परंतु चुकलेली पकड त्यांनी सुधारत नाही.

घरी आल्यावर मोजा आणि लिहा

चोवीस तासांत बाळ किती वेळा प्यायले, किती वेळा शू केली आणि शीचा रंग कोणता होता, एवढे वहीत लिहावे. आठ ते बारा वेळा पिणे, पाचव्या दिवसापासून दिवसाला किमान सहा वेळा शू आणि काळ्या शीचा रंग पिवळा होणे ही दूध पुरत असल्याची चिन्हे आहेत. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते. ते दहा टक्क्यांहून अधिक उतरले किंवा दोन आठवड्यांत जन्माइतके झाले नाही, तर लगेच दाखवावे. रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास आशाताईंनी 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येणे अपेक्षित असते. त्या आल्या की वही त्यांच्यापुढे ठेवावी आणि बाळाचे वजन करून घ्यावे.

कोणाकडे जावे

वजन, कावीळ, सुस्ती किंवा जिभेखालचा पडदा जिभेला ओढून धरत असल्याची शंका असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे. स्तनावर लाल, दुखरी सूज आणि ताप असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी; अशा वेळी पाजणे सहसा थांबवायचे नसते. पकड, बसण्याची पद्धत, दूध काढणे आणि साठवणे यांसाठी स्तनपान सल्लागाराकडे जावे. सल्लागार निवडताना तिचे प्रशिक्षण विचारावे. 'आयबीसीएलसी' ही परीक्षा घेऊन मिळणारी आंतरराष्ट्रीय पात्रता आहे. भेटीला जाताना बाळाला नुकतेच पाजलेले नसावे, कारण तिला पाजणेच पाहायचे असते. काही ठिकाणी पाजण्याच्या आधी आणि नंतर त्याच कपड्यांत वजन करून बाळ किती प्यायले तेही पाहतात. स्तन न पाहता, बाळाला हात न लावता कोणी थेट डब्याचे नाव लिहून देत असेल, तर दुसरे मत घ्यावे. आपल्याकडे 1992च्या कायद्याने बाळाच्या पावडरची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास व त्यांचे मोफत नमुने वाटण्यास मनाई आहे.

वरचे दूध द्यावेच लागले तर

काही बाळांना ते खरोखर लागते, आणि त्यात आईचा काहीही दोष नसतो. डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: किती, किती दिवस आणि कशाने. पहिली पसंती आईच्या स्वतःच्या काढलेल्या दुधाला असते. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळांसाठी काही रुग्णालयांत दुग्धपेढी, म्हणजे इतर मातांनी दान केलेले दूध मिळण्याची सोय, असते. आशियातील पहिली दुग्धपेढी 1989 साली मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली. या दोन्हींनंतरची पसंती पावडरला. सहा महिन्यांपर्यंत पाणी, गुटी नको. मध आणि पिण्यासाठी गाई-म्हशीचे दूध तर वर्षभर नको.

थोड्या दिवसांचा प्रश्न असेल तर वाटी-चमचा किंवा बोंडले बरे, कारण ते स्वच्छ ठेवणे सोपे जाते. बाटलीच वापरायची असल्यास ती आणि बूच प्रत्येक वेळी धुऊन उकळावे. पावडर पाणी उकळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, डब्यावरील प्रमाणानेच मिसळावी, बाळाला देण्यापूर्वी दूध कोमट करून मनगटावर थेंब टाकून पाहावे, आणि बाळाने उष्टे ठेवलेले दूध फेकून द्यावे. डबा पुरवण्यासाठी पाणी वाढवणे बाळाला घातक ठरू शकते. बाळाला जवळजवळ बसते धरावे, बाटली आडवी ठेवावी आणि मधूनमधून थांबावे. बाळाने तोंड फिरवले की आग्रह करू नये.

वाट पाहू नये अशी लक्षणे

बाळ पिणे सोडते, उठवूनही जागे होत नाही, अंग तापते किंवा गार पडते, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त होतो, पिवळेपणा तळहातांवर किंवा तळपायांवर दिसतो, किंवा आठ तास शू होत नाही, तर सकाळ होण्याची वाट न पाहता 108ला फोन करून बाळाला रुग्णालयात न्यावे. आईचे रडू, भीती किंवा बाळाबद्दलचा परकेपणा दोन आठवड्यांनंतरही ओसरत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला, तर एक दिवसही थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर रात्रीही आणि मराठीतूनही बोलता येते.