ओढा आधी, रस्ता नंतर, प्लॉट शेवटी: शहरालगतच्या गावाने आपली वाढ कशी आखावी

कोल्हापूरची महापालिका १९७२ साली झाली. त्यानंतरची बरीचशी वाढ पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, कळंबा, उजळाईवाडी अशा गावांच्या शिवारात गेली. २०१७ साली ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. पण मंजूर नकाशा हातात पडेपर्यंत शिवार थांबत नाही. उसाचं रान गुंठ्या-गुंठ्याने विकलं गेलं, की रस्त्याला जागा काढणं ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर जातं. म्हणून खाली दिलेलं काम प्लॉट पडण्याआधी करायचं. सरपंच, सदस्य आणि शिवार माहीत असलेली चार माणसं मिळून ते एका उन्हाळ्यात होतं.

कागद गोळा करा

भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा घ्या. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरून गटांच्या हद्दी उतरवा आणि उपग्रह चित्रावर बसवा. छपाई १:५००० प्रमाणात करा, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर ५० मीटर भरतो. ए-१ आकाराच्या कागदावर सुमारे ३ गुणिले ४ किलोमीटरचं शिवार मावतं. त्यावर तीन रंग भरा: ओढे, तळी, विहिरी निळ्या, गायरान आणि पाणंदी हिरव्या, झालेली घरं लाल. पाणंदी विसरू नका. त्या आधीच वहिवाटीच्या आहेत आणि उद्याचा रस्ता सगळ्यात स्वस्तात त्यांच्यावरूनच जातो. हा नकाशा फक्त आखणीपुरता आहे. हद्दीचा वाद निघाला तर मोजणीच मागवावी लागते.

पाण्याची जागा सोडा

पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर ओढा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घरं बांधता येत नाहीत. दोन रेषांच्या मध्ये जोतं लाल रेषेपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच ठेवण्याची अट आहे. आमचं मत स्पष्ट आहे: नियमात बसत असलं तरी या पट्ट्यात नवी वसाहत आणू नये. जोतं कोरडं राहील, पण रस्ता बुडेल. म्हातारी माणसं, आजारी माणसं घरात अडकतील. या काळ्या मळीत ऊस, भाजीपाला, रोपवाटिका राहू द्या.

एक चूक फार होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. हे आकडे त्या बंधाऱ्याच्या पट्टीवरचे आहेत, तुमच्या रानाच्या उंचीचे नव्हेत. पुराच्या पाण्यालाही उतार असतो, त्यामुळे वरच्या अंगाला आंबेवाडी-चिखलीकडे तेच पाणी वेगळ्या पातळीवर उभं राहतं. आपल्या गावातल्या भिंतींवरच्या २०१९ आणि २०२१ च्या खुणा शोधा. गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल नळीने १५-१५ मीटरच्या टप्प्यांत ती पातळी शिवारात न्या आणि दगड रोवा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप फसतं. शेवटी उलट मोजत मूळ खुणेपर्यंत या. फरक पाच सेंटिमीटरहून जास्त आला तर पुन्हा मोजा.

भराव टाकून जागा उंच करणं हा उपाय नव्हे. एक हेक्टरवर दोन मीटर भराव म्हणजे २०,००० घनमीटर. पुराची तेवढी जागा कमी झाली, की पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं.

आता ओढे. एक चौरस किलोमीटर शिवाराचं पाणी एका ओढ्याला येतं आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडतो असं धरा. शेत असताना त्यातलं साधारण ३० टक्के पाणी वाहून येतं, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ घनमीटर. छपरं, फरशी, डांबर झाल्यावर हेच प्रमाण ८० टक्क्यांवर जातं आणि ओढ्याला सेकंदाला ११ घनमीटर पाणी येतं. ९०० मिलिमीटरच्या सिमेंट पाइपातून, पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने धावलं तरी, सेकंदाला जेमतेम सव्वा घनमीटर जातं. ११ घनमीटरला त्याच वेगाने साडेपाच चौरस मीटरची वाट लागते, म्हणजे सुमारे ३ मीटर रुंद आणि २ मीटर खोल. पाइप घालून ओढा बुजवण्याचा ठराव समोर आला की हा हिशेब मांडा. ओढा उघडा ठेवा आणि दोन्ही काठांनी ९-९ मीटर मोकळे सोडा, म्हणजे गाळ काढायला मशीन उतरेल. कोल्हापुरात वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं. तळं बुजलं तरी पावसाला ती जागा आठवते.

मोठे रस्ते आखा

शाहूपुरी पेठ १८९५ ची, जयसिंगपूर १९१७ चं. दोन्हीकडे रस्ते सरळ आखून मग वस्ती बसली. तेच सूत्र शिवाराला लावा. दर किलोमीटरला आडवा आणि उभा २४ मीटरचा रस्ता धरला तर एका चौरस किलोमीटरच्या वाट्याला दोन किलोमीटर रस्ता येतो. त्याला जागा लागते ४.८ हेक्टर, म्हणजे शंभरातले पाचसुद्धा नाहीत. एवढी जागा आज राखली तर पुढे बस, ड्रेनेज, पाण्याची मुख्य वाहिनी, सगळ्याला वाट मिळते. रस्ता शेजारच्या गावाच्या हद्दीवर तुटू देऊ नका. दोन्ही गावांचे नकाशे एकत्र ठेवूनच रेघ ओढा.

पट्टीचे गट एकत्र करा

वाटण्यांमुळे आपल्याकडे गट लांब आणि अरुंद असतात. २० मीटर रुंद, २०० मीटर लांब, म्हणजे जवळपास एक एकर. एकट्याने ९ मीटरचा रस्ता सोडला तर ४५ टक्के जमीन गेली आणि उरली ११ मीटरची पट्टी. म्हणून मालक पाच-सहा मीटरचा बोळ सोडतो, शेजारी त्याला पाठ करून दुसरा बोळ काढतो, आणि अग्निशमनची गाडी कुठेच वळत नाही. शेजाऱ्याशी मिळून ४० मीटर रुंदी झाली तर तोच रस्ता २२.५ टक्क्यांत बसतो आणि दोन्ही बाजूंना साडेपंधरा मीटर खोलीचे प्लॉट निघतात. ग्रामसभेत हीच आकृती फळ्यावर काढा. भाषणापेक्षा ती लवकर पटते.

हेच मोठ्या प्रमाणावर करायचं तर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातली नगररचना योजना आहे. सगळ्यांची जमीन एकत्र घ्यायची, रस्ते, मैदानं, शाळा, गरिबांची घरं यांना हिस्सा काढायचा आणि उरलेली जमीन चौकोनी अंतिम भूखंड करून त्याच मालकांना द्यायची. अहमदाबाद अनेक दशकं याच पद्धतीने वाढलं. अडतं ते विश्वासापाशी. म्हणून जुना गट, नवा भूखंड, कपात टक्के आणि आजचा-उद्याचा दर असा तक्ता पहिल्या सभेतच चावडीवर लावा. कुणाला किती मिळणार हे लपलं, की योजना तिथेच संपते.

सांडपाण्याची चाचणी

शोषखड्डा सगळीकडे चालत नाही. आधल्या दिवशी पाणी भरून खड्डा मुरवा, दुसऱ्या दिवशी पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते मोजा. ३० मिनिटांहून जास्त लागला तर तिथे शोषखड्डा देऊ नका. चिकण काळ्या जमिनीत बहुधा असंच होतं. तिथे सामाईक ड्रेनेज आल्याशिवाय दाट वस्तीला ना-हरकत देऊ नये.

हरकत कशी लिहावी

प्रारूप आराखडा, म्हणजे विकास आराखड्याचा कच्चा मसुदा, जाहीर झाला की अधिसूचनेतली मुदत पहिल्याच दिवशी टिपून ठेवा. "आमच्या गावावर अन्याय झाला" एवढ्याने काही बदलत नाही. एका अर्जात एकच मुद्दा, गट नंबर, नकाशाचा तुकडा, हवा असलेला बदल आणि मोजमापासह कारण, इतकं लिहा. उदाहरणार्थ: "गट अमुकमधून ओढा वाहतो, तो प्रारूप नकाशात दाखवलेला नाही, रुंदी इतकी, काठाचे फोटो सोबत." ग्रामसभेचा ठराव जोडा, पोच घ्या, सुनावणीला गाव नकाशा घेऊन जा. आरक्षण, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा, मंजूर झाल्यावरही लक्ष ठेवावं लागतं. दहा वर्षांत जागा ताब्यात आली नाही आणि मालकाने नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस दिली, तर पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं न उचलल्यास ते रद्द होतं. मैदान, शाळा, ओढ्याकाठचा पट्टा यांच्या तारखा ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत वेगळ्या पानावर लिहा आणि दर एप्रिलमध्ये ते पान मासिक सभेत वाचा. त्याच महिन्यात पूरखुणांचे दगड जागेवर आहेत का ते फिरून बघा. नांगरताना ते हलतात.