आज-उद्या करणाऱ्या गिऱ्हाइकाला घर विकताना

मंगळवार पेठेतलं आमचं घर बघायला आलेला एक जण दिवाण कुठं बसेल ते पावलांनी मोजून गेला. इसाराचं, म्हणजे सौदा पक्का करायच्या आगाऊ रकमेचं, काढलं की, "अमावास्या होऊ दे की वहिनी." असल्यांना आधी एकच विचारा: कर्ज काढणार असाल तर बँकेचं मंजुरीपत्र दाखवा. निम्मे तिथंच गळतात.

इसार हातात पडेपर्यंत घर बाकीच्यांनाही दाखवत राहा. पैसे चेकनं किंवा खात्यावरच घ्या. २०,००० रुपये किंवा जास्त रोख घेतली, तर तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे आपल्यालाच बसू शकतो.

खरी मेख साठेखतात, म्हणजे पुढं घर विकायच्या लेखी करारात. उरलेली रक्कम कोणत्या तारखेला, चुकली तर इसारातलं किती कापणार, हे वकिलाकडून घालूनच घ्या. एकदा ते नोंदवलं की "जा, व्यवहार मोडला" म्हणून भागत नाही. रद्दलेखावर त्याचीही सही लागते, आणि रुसलेलं गिऱ्हाईक सहीला येत नाही. (रुसलेला जावई परवडला.) म्हणून इसाराचा चेक वटल्याशिवाय नोंदणीला दुय्यम निबंधकाकडं पाऊल टाकू नका.

मुदत टळली की आपण फोन करणं बंद, थेट वकिलाची नोटीस. किल्ली मात्र खरेदीखत होऊन सगळे पैसे जमा झाल्यावरच. "सामान तेवढं टाकतो" म्हटलं तरी नाही.