शॉकअपची स्प्रिंग रंगवायचीय? दुपार टाळा

काळ्या मातीचा चिखल दुचाकीच्या शॉकअपच्या (धक्के झेलणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरच्या) स्प्रिंगमध्ये वाळून बसला की आत गंज धरतोच. रंग घरी देता येतो, पण स्प्रिंग दाबलेली असते, हे विसरू नका. गाडी डबल स्टँडवर घ्या, शॉकअप एकेक करून काढा, खालचा ॲडजस्टर (स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करणारी खाचांची रिंग) सगळ्यात सैल खाचेवर आणा. शॉकअपमधून स्प्रिंग सोडवायचं काम स्प्रिंग कॉम्प्रेसरनेच, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजारानेच करा. दोघांनी गुडघा टेकवून दाबायचा जुगाड नको, निसटली तर थेट तोंडावर येते. कॉम्प्रेसर नसेल तर एवढं काम गॅरेजवाल्याकडून करून घ्या. काढण्याआधी फोटो काढा, नाहीतर वरची बाजू कुठली ते आठवत नाही.

१२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ३२०, मग थिनरने पुसून घ्या. प्रायमर आणि रंगाचे पातळ हात द्या. जाड थर वेटोळ्यांत टवके होऊन उडतो. शॉकअपच्या चकचकीत रॉडला मात्र पेपर लावू नका, ओरखडा पडला की सीलमधून ऑइल गळतं.

आणि वेळ सकाळची. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दुपारी स्प्रे मारला, तर रंग हवेतच सुकतो अन् स्प्रिंगवर खरखरीत भुकटी बसते. माझी पहिली स्प्रिंग अशीच वाया गेली.