माल्पिघियन नलिकांवर प्रकल्प करताय? डिसेक्शनपासून थेंब मोजण्यापर्यंत

नाशिकमध्ये प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रकल्प निवडायची वेळ आली की ‘कीटकांच्या उत्सर्जन अवयवांतील जनुकांचे कार्य’ असं ऐसपैस शीर्षक कुणीतरी सुचवतंच. हे अवयव म्हणजे माल्पिघियन नलिका, कीटकाची जणू मूत्रपिंडं. ते तसंच उचलू नका. एक कीटक आणि एक जनुक पुरे, पण त्याच्या दोन्ही बाजू तपासा: जनुक किती चालू आहे आणि त्यामुळे नलिकेचं काम बदलतं का. नुसता एमआरएनए (जनुकाची प्रथिन बनवण्यासाठीची नक्कल) मोजून कामाबद्दल बोलणं धोक्याचं. मूत्रस्राव वाढवणारं कायनिन हार्मोन दिल्यावर नलिकेतून होणारा स्राव मिनिटभरात वाढतो. तेवढ्यात नवा एमआरएनए बनून त्याचं प्रथिन होणं शक्यच नसतं.

कीटक म्हणून ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर ही फळमाशी घ्या. झुरळाला नलिकांचा झुबका असतो, तो सोडवता सोडवता दिवस जातो. टोमॅटोवरच्या घाटेअळीला सहाच, पण त्यांची टोकं गुदाशयाच्या भिंतीत गुंतलेली. ड्रोसोफिलाला चार नलिका, दोन जोड्यांत. शिवाय कुठलं जनुक कुठल्या अवयवात किती चालतं, हे फ्लायअ‍ॅटलास २ या ऑनलाइन माहितीसंचावर फुकट पाहता येतं. प्रायमर (जनुक मोजायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवायच्या आधी ते पाहा. नलिकेत जवळजवळ बंद असलेलं जनुक निवडून बसणारे बरेच असतात.

द्राक्षाच्या हंगामात कुजक्या घडांवर माशाच माशा असतात, म्हणून त्याच पकडायचा मोह होतो. तो टाळा. त्या घोळक्यात अनेक जाती मिसळलेल्या असतात. डोक्यावर-पाठीवर पांढरे पट्टे असलेली झाप्रिओनस लगेच ओळखू येते, बाकीच्या नाहीत. शिवाय फवारणीच्या पट्ट्यातल्या माशांमध्ये कीटकनाशक-प्रतिकार असू शकतो, आणि विषारी द्रव्यं निकामी करणारी सायटोक्रोम पी४५० जनुकं याच नलिकांत जोरात चालतात. प्रयोगशाळेतला ज्ञात स्टॉकच मागवा. तो बीओडी इनक्युबेटरमध्ये (ठरलेलं तापमान राखणाऱ्या कपाटात) २५ अंशांवर ठेवा. नाशिकचा मे उघड्या टेबलावर चालत नाही, ३० अंशांच्या आसपास नर वांझ होऊ लागतात. गॅल४-यूएएस (हव्या त्या पेशींत जनुक चालू किंवा बंद करायची पद्धत) वापरणार असाल तर तापमान आणखी महत्त्वाचं: गॅल४ १८ अंशांवर मंद आणि २९ अंशांवर जोरात चालतं. जानेवारीतला आणि एप्रिलमधला निकाल जुळत नसेल तर आधी थर्मामीटर पाहा.

सगळ्यात जास्त वेळ डिसेक्शनच्या सरावाला द्या. माशा एकाच वयाच्या, ५ ते ७ दिवसांच्या माद्या घ्या. बर्फावर गार करून थंड पीबीएसमध्ये (फॉस्फेटयुक्त सलाइनमध्ये) ठेवा. ५ नंबरचे दोन चिमटे लागतात. एकाने छाती धरा, दुसऱ्याने पोटाचं शेवटचं टोक हळू ओढा, आतडं बाहेर येतं. मध्यांत्र आणि पश्चांत्र जिथे जुळतात तिथे दोन्ही जोड्या उघडतात. पुढची जोडी मध्यांत्राच्या कडेने वर गेलेली आणि टोकाला फुगीर, पांढऱ्या कणांनी भरलेली; मागची पश्चांत्राभोवती. नलिका चिमट्यात धरू नका, जोडीतल्या दोन्ही नलिका जिला मिळतात ती मूत्रवाहिनी धरा. झटका दिला तर नलिका तुटते आणि आतड्याचा तुकडा सोबत येतो. श्वासनलिकांचे चंदेरी धागे आणि मेदाचे पुंजके काढून टाका. नलिका काचेला नि चिमट्याला चिकटतात, म्हणून बारीक काचकांडीने उचला. प्रत्येक तुकडी १५–२० मिनिटांत ट्रायझॉलमध्ये (आरएनए काढायच्या द्रावणात) गेली पाहिजे. आणि वेळ ठरलेली हवी: नलिकांना स्वतःचं जैविक घड्याळ असतं. कंट्रोल सकाळी आणि प्रयोगाच्या माशा दुपारी कापल्या, तर फरक जनुकाचा की घड्याळाचा, सांगता येणार नाही. दोन्ही गट आलटून-पालटून कापा.

एका नमुन्यासाठी निदान ३०–५० माशांच्या नलिका जमवा. आरएनए थोडाच मिळतो, म्हणून अवक्षेपणाच्या वेळी ग्लायकोजेन घाला, नाहीतर पेलेट (तळाशी बसलेला आरएनए) दिसतच नाही आणि पिपेटबरोबर ओतला जातो. शुद्धता दाखवणारं २६०/२३० प्रकाशशोषण गुणोत्तर कमी आलं तर ग्वानिडिन किंवा फिनॉल राहिलंय; ७५ टक्के इथेनॉलने पुन्हा धुवा. जेलवर मात्र घाबरू नका. बहुतेक कीटकांच्या २८एस या रायबोसोमच्या मोठ्या आरएनएमध्ये मधोमध छुपी खाच असते; गरम केल्यावर त्याचे दोन तुकडे होऊन ते १८एसच्या शेजारीच धावतात. एकच पट्टा दिसला म्हणून चांगला आरएनए फेकून देऊ नका. आरएनएची अखंडता दाखवणारा आरआयएनचा आकडाही इथे फसवतो.

एमआरएनए मोजायच्या क्यूपीसीआरचं तंत्र सगळीकडे सारखंच: डीएनए नष्ट करणारं डीएनेझ, आरटी-विरहित (आरएनएचा डीएनए करणारं एन्झाइम न घातलेला) कंट्रोल, प्रायमरची कार्यक्षमता ९० ते ११० टक्के, निदान दोन संदर्भ जनुकं. त्यात नमुन्याची शुद्धता तपासायला दोन जनुकं वाढवा. युरेट ऑक्सिडेज प्रौढ माशीत फक्त या नलिकांतच चालतं, ते भरपूर दिसलं पाहिजे; आतड्यातलं ट्रिप्सिन जवळजवळ दिसता कामा नये. ट्रिप्सिन वर आलं तर निकाल नव्हे, डिसेक्शन सुधारा.

कामाची बाजू मोजायला जीवशास्त्रज्ञ रॅम्से यांची १९५४ची पद्धत अजूनही पुरते. द्रव पॅराफिनखाली सुमारे १० मायक्रोलिटर श्नायडर माध्यम (कीटकपेशी जिवंत ठेवणारं द्रावण) व सलाइनचा थेंब ठेवतात. जोडीतली एक नलिका थेंबात राहते, दुसरी बाहेर ओढून बारीक पिनेला गुंडाळतात. मूत्रवाहिनीतून लघवीचा थेंब तेलात फुगत जातो. दर १० मिनिटांनी तो काढून आयपीसच्या पट्टीने व्यास मोजा; आकारमान म्हणजे π गुणिले व्यासाचा घन भागिले ६. उत्तेजन नसताना मिनिटाला अर्ध्या नॅनोलिटरच्या आसपास स्राव धरला, तर १० मिनिटांचा थेंब जेमतेम ०.२ मिलिमीटरचा होतो. व्यासात १० टक्के चूक झाली की आकारमान ३३ टक्क्यांनी चुकतं, म्हणून स्टेज मायक्रोमीटरने (ज्ञात अंतराच्या खुणा असलेल्या काचपट्टीने) पट्टी आधी कॅलिब्रेट करा. थेंब येतच नसेल तर बहुधा नलिकेला छिद्र पडलंय. शेवटी कायनिन देऊन पाहा. तरीही वेग वाढला नाही तर ती नलिका आकडेवारीतून वगळा, आणि हा वगळण्याचा नियम मोजणी सुरू करण्याआधीच वहीत लिहून ठेवा.