व्हॅलिडेशन इंजिनिअर म्हणून सुरुवात करताय? या चुका टाळा

औषधनिर्मितीत व्हॅलिडेशनच्या, म्हणजे यंत्र आणि प्रक्रिया ठरल्याप्रमाणे काम करतात हे पुराव्यानिशी सिद्ध करण्याच्या, कामावर नव्याने रुजू होणारी मुले-मुली आयक्यू, ओक्यू, पीक्यू (यंत्राची उभारणी, चालणे आणि प्रत्यक्ष कामगिरी यांच्या चाचण्या) यांच्या व्याख्या तोंडपाठ करून येतात. तरीही यंत्रासमोर उभे राहिल्यावर बहुतेकांची पहिली चूक एकच असते : न पटणारे रीडिंग दिसले की दोष सेन्सरच्या माथी मारायचा.

इंजेक्शने बनवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) भरलेल्या लोडची चाचणी घेत होतो. सोळांपैकी पंधरा थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) १२१ अंशांच्या वर गेले आणि ड्रेनजवळचा एक ११७ वरच अडकला. नव्या सहकाऱ्याने ‘सेन्सर सदोष’ असा शेरा लिहून ते रीडिंग वगळले. चाचणीनंतरच्या कॅलिब्रेशनमध्ये (प्रमाण उपकरणाशी ताडून केलेल्या तपासणीत) तो सेन्सर अगदी ठणठणीत निघाला. मग स्टीम ट्रॅप (वाफ अडवून पाणी आणि हवा बाहेर सोडणारी झडप) उघडला, तेव्हा जाळीत गॅस्केटचा काळा तुकडा अडकलेला सापडला. त्यामुळे चेंबरच्या तळाशी कंडेन्सेट (वाफेचे झालेले पाणी) आणि हवा साचून राहत होती. चार अंशांचा फरक किरकोळ वाटतो, परंतु जंतू मारण्याच्या दृष्टीने ११७ अंशांवरच्या १५ मिनिटांचे मोल १२१ अंशांवरच्या जेमतेम ६ मिनिटांइतके असते. १९७२ मध्ये इंग्लंडमधील डेव्हनपोर्टच्या रुग्णालयात डेक्स्ट्रोजच्या दूषित बाटल्यांमुळे रुग्ण दगावले, त्यामागेही त्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यातील ऑटोक्लेव्हच्या तळाशी अडकलेली हवाच होती; तापमापक कमी तापमान दाखवत असताना तो बिघडला आहे असे तिथेही गृहीत धरले गेले होते. म्हणून वेगळे रीडिंग आले की मी आधी यंत्राची झडती घेतो, डेव्हिएशन (अपेक्षेपेक्षा वेगळे काय घडले ते) नोंदवतो आणि कॅलिब्रेशनचा निकाल हाती येईपर्यंत सेन्सरला बोल लावत नाही. दार बंद करण्यापूर्वी प्रत्येक थर्मोकपलचे टोक धातूला टेकलेले नाही ना, हेही बोटाने चाचपून पाहतो आणि जागांचा नकाशा तिथेच उभ्याने काढतो.

दुसरी चूक म्हणजे आधी कच्च्या कागदावर आकडे टिपून संध्याकाळी ते ‘फेअर’ करणे. नीटनेटकेपणाच्या हौसेपोटी केलेली ही नक्कल तपासणीत बनावट नोंद ठरू शकते. आकडा चुकला तर खालचा मजकूर वाचता येईल अशी एकच रेघ मारावी, कारण लिहावे, सही आणि तारीख घालावी. खाडाखोड दिसण्याची लाज बाळगू नये.

जुन्या प्रोटोकॉलची (चाचणीच्या लेखी आराखड्याची) प्रत काढून त्यात दुसऱ्याच यंत्राचा क्रमांक तसाच ठेवू नये. यूआरएस (यंत्राकडून वापरकर्त्याला काय हवे आहे याचा दस्तऐवज) वाचल्याशिवाय एकही चाचणी लिहू नये.

तीन बॅचेस यशस्वी झाल्या की प्रक्रियेचे व्हॅलिडेशन संपले, असे मानणेही चुकीचे आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत नियमित उत्पादनावर सातत्याने लक्ष ठेवणे हा स्वतंत्र तिसरा टप्पा आहे.

सहा महिन्यांत संगणकप्रणालींच्या व्हॅलिडेशनकडे उडी मारू पाहणाऱ्यांची घाई मला पटत नाही. दोन शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्रापेक्षा देखभाल विभागातल्या फिटरबरोबर घालवलेला महिना अधिक शिकवतो. व्हॉल्व्ह, ट्रॅप, फिल्टर स्वतः उघडून पाहिलेल्या माणसाने लिहिलेला प्रोटोकॉल मी पहिल्या पानावरच ओळखतो.