जुन्या गाडीचं बॉनेट पेटू नये म्हणून: या चुका टाळा

माझ्याकडे कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) मारुती ८०० आहे, १९९७ची. तिच्यामुळे जुन्या गाडीवाल्यांचे फोन येत असतात: 'जरा वास येतोय, पण गाडी मस्त चालतीये.' या 'पण'ची मला भीती वाटते.

पेट्रोलचा वास हा जुन्या गाडीचा स्वभाव नसतो. जुनी असो वा नवी, पेट्रोल पाइपात राहिलं तर वास येत नाही. हे मला शिकायला खंबाटकी घाट लागला. आदल्या आठवड्यात मी घरीच पेट्रोल फिल्टर बदलला होता. जुना रबरी पाइप कडक झालेला दिसला, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक प्लॅस्टिकची नळी आणून बसवली. आतून पेट्रोल वाहताना दिसतं याचं कौतुकही करून झालं. क्लिपा जुन्याच, पक्कडीने दाबलेल्या. पुण्याहून साताऱ्याला निघालो, घाट चढताना बायको म्हणाली, "वास येतोय." मी म्हणालो, "ट्रकचा असेल." दोन वळणांनंतर ती म्हणाली, "मला उतरायचंय," तेव्हा थांबलो. बॉनेट उघडलं तर नळीचं टोक फिल्टरवरून अर्धं सरकलेलं, आणि पेट्रोल थेंबाथेंबाने खाली इंजिनवर. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणारा लोखंडी पाइप, तिथून वीतभर. चढावर तो किती तापतो हे सांगायला नको. किल्ली बंद केली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

ती साधी प्लॅस्टिकची नळी मऊ राहते ती तिच्यात मिसळलेल्या द्रव्यामुळे. पेट्रोल ते द्रव्य शोषून घेतं, नळी आकसते, कडक होते आणि क्लिपेतून सुटते. जुना रबरी पाइपही आता तितका भरवशाचा नाही, कारण पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आणि त्या काळचं रबर त्यासाठी बनवलेलंच नव्हतं. गॅस किट बसवून पेट्रोल वर्षानुवर्षं न वापरणाऱ्यांचे पाइप तर सुकून तडकतात. 'एसएई जे३० आर९' (SAE J30 R9, पेट्रोलच्या पाइपाचा दर्जा) असं छापलेला पाइप मागा. दुकानदार 'सगळं सारखंच असतं' म्हणाला तर दुसरं दुकान बघा. मी दर दोन वर्षांनी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप बदलतो, उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या लाइनचासुद्धा, आणि पांढऱ्या पेनाने त्यावर तारीख लिहितो. कंपनी असं सांगत नाही, ही माझी सवय आहे. क्लिपा स्क्रूच्या आणि नव्या. रोज सकाळी स्टार्टर मारायच्या आधी बॉनेट उचलून नाक खुपसतो. सोसायटीतली मुलं हसतात.

दुसरा माझा रागाचा विषय म्हणजे फ्यूज. फ्यूज बल्बासाठी नसतो, वायर वाचवायला असतो. मूळ हेडलाइट ६० वॅटचे, दोन मिळून १२ व्होल्टवर १० अँपिअर. हौसेने १०० वॅटचे बसवले की तेच १७ च्या आसपास जातात. वायरमधली उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच वायरीत जवळपास तिप्पट. मग फ्यूज उडतो. मग 'जरा मोठा टाक.' तोही उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी. आता उडण्यासारखं काही उरलेलं नसतं, म्हणून वायरच जळते. ओळखीतल्या एकाच्या गाडीत डॅशबोर्डखालून धूर आला, तेव्हा तो फ्यूजबॉक्सच्या झाकणावर हात ठेवून मला विचारत होता, "हा गरम का लागतोय?" त्या झाकणाखाली तीन फ्यूजांच्या जागी तांब्याची तार होती आणि तिन्ही 'तात्पुरत्या' होत्या. मोठे दिवे हवेतच तर रिले (दिव्यांचा प्रवाह बटणातून न नेता चालू-बंद करणारा स्विच) लावा, बॅटरीवरून वेगळी जाड वायर घ्या आणि त्या वायरीचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर कुठली वायर पत्र्याला घासतेय ते शोधा. त्यात अख्खा रविवार जातो, जाऊ द्या.

गाडी सुरू होत नाही म्हणून कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतणारे भेटतात. बॅकफायर झाला, म्हणजे इंजिनातला भडका उलटा फिरला, तर ज्वाळा त्याच तोंडातून, हातातल्या बाटलीकडे येते. हा उतावीळपणा मला समजतच नाही. पाच मिनिटं थांबून प्लग काढून बघवत नाही? आणि एअर फिल्टरचं झाकण काढून गाडी फिरवू नका, तसा भडका अडवायला तेवढाच एक आडोसा असतो.

इंजिन चमकावं म्हणून डिझेल मारून घेणं बंद करा.

इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत असेल तर बदला. स्वस्तातलं काम आहे आणि तेल मॅनिफोल्डवर पडत राहणं परवडत नाही.

बॅटरी जागेवर आवळून धरणारी पट्टी नसेल तर आजच बसवा. खड्ड्यात बॅटरी उडून पॉझिटिव्ह टर्मिनल बॉनेटला टेकलं की ठिणग्या. वायरिंगला हात लावण्याआधी निगेटिव्ह काढा.

उंदरांसाठी इंजिनात तंबाखूची पानं ठेवणारे बरेच आहेत. उंदीर जातात की नाही यावर वाद घाला, पण वाळलेला पाला मॅनिफोल्डशेजारी ठेवायचा? उंदरांनी आणलेलं गवत आणि मेकॅनिकने विसरलेलं फडकं तुम्ही काढताय, आणि पाला स्वतःच्या हाताने भरताय.

अग्निशामक सिलिंडर डिकीत, स्टेपनीखाली ठेवू नका. एबीसी पावडरचा (पेट्रोलच्या आगीलाही चालणारा), दाबाचा काटा हिरव्यात असलेला, हाताशी हवा. पावडर तळाशी बसते म्हणून महिन्यातून एकदा उलटा करून हलवा. बॉनेटमधून धूर आला तर किल्ली बंद करा, सगळे उतरा, बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की आग उसळते. फटीतून फवारा मारा. ज्वाळा बाहेर दिसत असतील तर सिलिंडर टाकून लांब जा आणि १०१ किंवा ११२ लावा. माझा सिलिंडर शेजारच्या सीटखाली पट्टीने बांधलेला आहे. टाचेला लागतो अशी घरून तक्रार असते, पण जागा बदला असं ती म्हणत नाही.