चमकणारी बुरशी दिसलीच नाही? या चुका टाळा

भीमाशंकरच्या पावसाळी जंगलातून परतलेले अनेक जण हिरमुसून सांगतात, "काही चमकलंच नाही हो!" बऱ्याचदा बुरशी तिथेच असते, तयार नसतात ते आपले डोळे. अंधाराला सरावायला त्यांना २० ते ३० मिनिटं लागतात. मधेच कुणी मोबाइलवर वेळ बघितली की सगळं पहिल्यापासून. सगळे दिवे बंद करून गप्प बसा. चालताना उजेड हवाच, तर मंद लाल दिवा वापरा.

दुसरी चूक म्हणजे फोटोतला हिरवागार रंग शोधणं. कॅमेरा कित्येक सेकंद उजेड साठवतो. आपल्याला अंधारात रंग नीट कळत नाहीत, त्यामुळे दिसते ती फिकट, चांदणं सांडल्यासारखी झाक. मला तीच फोटोपेक्षा जास्त आवडते. आणि रोखून पाहू नका, नजर जरा बाजूला ठेवा. अंधारात काम करणाऱ्या पेशी नजरेच्या अगदी मध्यावर नसतात.

चांगला पाऊस पडून गेल्यावर, अमावास्येच्या आसपास जा. ओली, कुजकी लाकडं आणि पडलेल्या फांद्या बघा. चमकणारी काटकी खिशात घालून घरी आणाल, तर सुकल्यावर हाती उरेल ती नुसती काटकी. रात्री अभयारण्यात जायला वन विभागाची परवानगी लागते, हे मात्र निघण्याआधीच बघा.

दिवसा अळंबीचा फोटो फक्त वरून काढला तर ओळख पटणं अवघड. छत्रीच्या खालच्या पात्या आणि देठाचा बुंधाही टिपा. अळंबी न उपटता खालून बघायला छोटा आरसा उत्तम. ती लाकडावर होती, मातीत की वारुळावर, हे लिहून ठेवा. ॲपने ओळखलेली अळंबी कढईत टाकू नका. विषारी जाती खाण्याजोग्या अळंबीसारख्या दिसू शकतात.

आंबोलीत बेडूक हातावर घेऊन फोटो काढणारे हमखास भेटतात. बेडकाची त्वचा पाणी आणि रसायनं सहज शोषते, आणि आपल्या हाताला डास पळवायचं मलम फासलेलं असतं! तोल गेला म्हणून बाजूची फांदी न बघता धरू नका. हिरवा चापडा हा साप तिथे तासन्‌तास निश्चल बसलेला असू शकतो आणि तो विषारी आहे. जळू लागली तर मीठ शोधत बसू नका, नखाने हळूच सरकवून काढा. रक्त थोडा वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेमुळे ते गोठत नाही.